दमलेल्या दांड्याची सरसर

हातोडी मारली की दांडा कसा 'टणण्ण' वाजायचा! मग चुंबक्याने त्याला नापास का केलं?

सुमेधाला कोडंच पडलं. उद्या जत्रा. यल्लाप्पाआजोबांच्या आकाशपाळण्याची रीतच होती: पहिली फेरी घरच्या लेकराची, मगच लोकांची. यंदा मान होता सुमेधाचा. आणि जत्रा समितीने धाडलेला हा गुडघ्याएवढा यंत्रमानव चुंबक्या म्हणतोय, "पाळण्याचा आस (ज्यावर पाळणा फिरतो तो मधला दांडा) अख्खा बिघडलाय."

"तुझंच डोकं बिघडलंय!" आजोबा कडाडले. "चाळीस वर्षं ठोकून ऐकतोय मी त्याला!"

"मी जरा आतलं ऐकतो, आजोबा," चुंबक्या नरमाईने म्हणाला. सुमेधाला त्याने एक तार दिली. "ही मागेपुढे वाकव बघू."

विसाव्या वेळी तार कट्‌कन तुटली.

"हा थकवा (पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला येणारा अशक्तपणा). पाळणा फिरताना दांडाही दर फेरीला असाच वाकतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही."

"मग तुला कसं कळतं?"

"पोलादाच्या आत इवल्या इवल्या वाड्या असतात (त्यांना चुंबकी क्षेत्रं म्हणतात). मी बाहेरून चुंबकाचा जोर बदलला, की त्यांच्या हद्दी झटक्याझटक्याने सरकतात. ते झटके माझ्या तारेच्या वेटोळ्याला जाणवतात आणि मी त्यांचा आवाज करून ऐकवतो. चांगल्या पोलादात वाळू चाळल्यासारखी सरसर येते. थकलेल्या पोलादाची आतली रचना विस्कटते, हद्दी अडखळतात आणि आवाज बदलतो."

"पण अख्खा दांडा एकसारखा कसा थकेल?" सुमेधाने वर पाहिलं. दांड्याला खेटून गाण्यांचा भलामोठा स्पीकर बांधलेला! तो आधी बांधल्याशिवाय आजोबांची जत्रा सुरूच व्हायची नाही. "अरे देवा! स्पीकरमध्ये चुंबक असतो ना? चुंबक्या, तुझं माप त्यानेच बिघडवलंय!"

"चुकलोच की," चुंबक्या ओशाळला.

"शाब्बास गं माझी वाघीण!" आजोबांनी हसत हसत स्पीकर सोडवला.

पुन्हा तपासणी सुरू झाली. सरसर, सरसर... आणि डाव्या टोकाला एकदम खर्रर्र. आता बोललं की उद्याची फेरी गेलीच! तरीही तिने त्या टोकाकडे बोट दाखवलं.

"आजोबा, इथे वेगळं वाजतंय."

चुंबक्याने तीनदा ऐकलं. "भेग अजून पडलेली नाही, म्हणून हातोडीला कळत नाही. पण ती पडायच्या बेतात आहे."

आजोबांनी हातातली हातोडी हळूच खाली ठेवली. सुमेधाला जवळ ओढून घट्ट धरलं. "उद्या मी तुलाच बसवणार होतो गं यावर," ते कसंबसं म्हणाले.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी नवा दांडा आला. जुना उतरवला तेव्हा आजोबा कितीतरी वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिले. "दमला होतास, तर सांगायचं नाही का रे बाबा?"

"तो सांगतच होता, आजोबा," सुमेधा म्हणाली.

मग नव्या दांड्याची सरसर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकून झाली आणि पहिल्या फेरीत सुमेधा एकटी वर गेली. तिथून नदीवरचा जुना पोलादी पूल दिसत होता.

"चुंबक्या," ती वरूनच ओरडली, "त्या पुलाचं कुणी ऐकतं का रे?"

"अजून तरी नाही!"

"मग थांब, मी खाली आले की आपण दोघं जाऊ!"

"दोघं कसे?" खालून आजोबा ओरडले. "मीही येतोय!"