पहिला चहा उस्तादले

"ब्रेक! अहो, ब्रेक म्हणते ना!"

शेवटी माझ्या बाजूचा ब्रेक मीच दाबला. वारासिवनी रोडवर समोर धानाची ट्रॉली, अन् हा पियुष... आरशात मला बघत होता! माझ्या ड्रायव्हिंग क्लासचा नवा विद्यार्थी, पहिलाच दिवस.

"सॉरी, मॅडम."

"मॅडम नाही. उस्ताद म्हणाचं."

"बाईले उस्ताद?"

"काहून? बाई गिअर टाकत नाही का?"

हट्टच होता माझा तो. बालाघाटातल्या साऱ्या ड्रायव्हरांना लोक उस्ताद म्हणतात, मला मात्र 'ओ दीदी'. अस्सा राग यायचा!

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या अभ्यास करून आला. "फारसी शब्द आहे. म्हंजे शिकवणारा. गवय्ये झाले, पहिलवान झाले, मंग ट्रकवाल्यायले भेटला. माह्ये बाबा उकव्याच्या खदानीत ट्रकवर क्लिनर होते ना, उस्तादानं घोट घेतल्याबिगर ते चहाले हात लावत नव्हते."

"अन् माह्यापर्यंत कवा येणार हा शब्द?"

"येऊन राह्यला..." त्यानं क्लच सोडला. गाडी बंद पडली. "—उस्ताद."

इश्श! कानच गरम झाले माझे.

मग रोज क्लासनंतर टपरीवर पहिला कप मला. सगळं शिकला, पण रिव्हर्स काही जमेना. असंच एकदा मागे जाता जाता म्हणाला, "लग्न करशील माह्याशी?"

"घरी येऊन माग. पण स्टिअरिंग सोडणार नाही मी, सांगून ठेवते."

आला की हो! सोबत त्याचे बाबा, तेजरामजी. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, अन् ते म्हणतात, "पोरी, लग्नानंतर हे गाडी शिकवणं बंद करा लागन. लोक काय म्हणतील?"

मी पियुषकडे पाहिलं. बोल रे बाबा... आता नाही तर कधी?

तो उठला. ट्रेमधला पहिला कप उचलला, अन् बाबांना सोडून माझ्या हातात दिला.

"पहिला चहा उस्तादले, बाबा. तुम्हीच सांगतलं होतं."

मी घोट घेतला. जीभ भाजली, पण घेतला.

तेजरामजी मिशीत हसले. "म्हंजे तू क्लिनर?"

"हौ."

"मंग चहा झाला का कप धुवाले लाग!"

मोरीपाशी कप विसळता विसळता तो हळूच म्हणाला, "उस्ताद, रिव्हर्स मले कवाचंच येते."

"माहीत आहे मले," मी म्हटलं. "म्हणून तर शिकवत राह्यली!"