कोंढ्याचं लाइव्ह

कोंढा गावी तुळसाचं पुण्यानुमोदन होतं, आम्हा बौद्धांचा मृत्यूनंतरचा विधी. तुळसा म्हणजे माझा बालमित्र आनंदराव याची बायको; गावच्या तळ्यात बुडून गेली. गुडघ्यामुळे मला जाणं जमलं नाही, म्हणून जवाहरनगरच्या घरी दुपारचं जेवण आटोपून मी मोबाइल उघडला. आमच्याकडे आता असे कार्यक्रम फेसबुकवर लाइव्ह दाखवतात. ज्यांना येणं होत नाही, ते खाली 'जय भीम' लिहून हजेरी लावतात. मीही लिहिलं.

मोबाइल धरून उभा होता आनंदरावचा पुतण्या, संघपाल. माझं नाव वाचून तो हसला.

"सर, तुम्ही तं इथंच बसून आहा ना जी! समोर बसून मोबाइलवर जय भीम कायले टाकता?"

त्यानं कॅमेरा फिरवला. आनंदरावच्या बाजूला, पांढऱ्या सदऱ्यात, मी बसलो होतो.

रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस मी, पण हल्ली स्वतःच्या आठवणीवर माझा भरवसा नाही. आपण गेलो असू आणि विसरलो असू, असं क्षणभर खरंच वाटलं. खुर्चीचे हात घट्ट धरून पाहिले. मी घरीच होतो... बहुतेक.

"तो मी नाही. मी घरी आहे," मी लिहिलं. आधी हसणारे चेहरे आले. मग कोणीतरी लिहिलं, "सरांचं अकाउंट हॅक झालं. उत्तर देऊ नका."

घाबरून पुण्याला मुलीला, रत्नमालाला, व्हिडिओ कॉल लावला. तीही लाइव्हच बघत होती.

"रतन, मी बाबा..."

"बाबा कोंढ्याला बसलेत. दिसताहेत मला." ती म्हणाली. "चेहरा, आवाज, सगळं बनवता येतं आता. बाबा असाल तर सांगा, आई मला काय हाक मारायची?"

माहीत होतं मला. आयुष्यभर घरात ऐकलेलं नाव. पण त्या क्षणी ते येईना.

"थांब बाळा... सांगतो..."

फोन कटला. पुन्हा लावला, तर लागेचना. मुलीनं मला ब्लॉक केलं होतं.

लाइव्हवर आनंदरावचा फोन वाजला. त्यानं तो शेजारच्याला दिला. "रतन हाय. काई तरी विचारून राहिली तुले."

"मैना," तो फोनमध्ये हळूच म्हणाला.

तेच. तेच नाव.

मग त्यानं मान वळवून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

मी लंगडतच दाराकडे धावलो. दार उघडेना. खिडक्यांना ग्रिल. बाहेर शेजारच्या कुंताबाईंची चाहूल लागली.

"कुंताबाई, कडी काढा!"

"नाई काढत. रतनचा फोन आला होता. सरायच्या घरात कोणी घुसला म्हणे. सर येतपर्यंत कडी लावून ठेव म्हणली."

"मीच सर आहे हो. आवाज ओळखा..."

"आवाज तं तसाच हाय..." असं त्या पुटपुटल्या, आणि पावलं मागे सरकली.

दिवस कलला तेव्हा जीप थांबली.

"आस्ते उतरा, सर," संघपालचा आवाज.

"आले का सर? बरं झालं बाई!" कुंताबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सर... तुमचे कपडे असे ओले काहून?"

दाराखालच्या फटीतून पाण्याचा एक ओघळ आत आला. त्याला तळ्यातल्या गाळाचा वास होता.

बाहेरून कोणीतरी, अगदी सावकाश, कडी सरकवू लागलं.