कड्यातला मुद्देमाल

घळीतल्या कड्यात, माणसाचा पाय लागू नये अशा एका गुहेत चोरटी दारू साठवलेली आहे, ही खबर पक्की होती. ती जप्त करायची, जागेवर नमुने घ्यायचे आणि कोर्टाचा हुकूम आणून सगळा साठा सरकारजमा करायचा, एवढ्यासाठी तिघं जण उजाडताच घळीच्या वाटेला लागले होते. काम सांगायला एवढंच. करायला गेलं की तोंडाला फेस!

सगळ्यांत पुढे मधवाली. कड्यावरची पोळी उतरवणारी ही बाई अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. दारूवाले आपली घाण ओढ्यात सोडत होते, त्यापायी तिच्या माश्या पटापट मरत होत्या. म्हणून ती आपण होऊन वाट दाखवायला आली होती, आणि पंच म्हणून सही करायलाही तयार होती. तिच्या मागे साहेब, दारूबंदी खात्याचे निरीक्षक, खांद्याला नमुन्यांची जड पेटी. आणि सगळ्यांत मागे, पान हललं तरी दचकणारे आपले हवालदार.

हवालदार भित्रे होते. आता लपवून काय करायचं? उंचीची भीती, पाण्याची भीती, कुत्र्यांची तर विचारूच नका. पण आजची भीती वेगळीच होती. साहेब म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ती पोटुशी होती. निघताना तिने भावाला दारात अडवलं आणि नवऱ्याच्या कानावर जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "दादा, कामापुढे ह्यांना स्वतःचं भान नसतं. दारू मिळो न मिळो, मला माझा माणूस परत आणून दे."

"अगं, मी आहे ना!" हवालदार छाती काढून म्हणाले होते. ती छाती पहिल्याच चढणीला आत गेली.

वाट कसली, कड्याच्या कुशीतून गेलेली जेमतेम पाऊलभर कड होती ती! डाव्या हाताला ओलसर दगड, उजव्या हाताला काहीच नाही. खूप खाली ओढा दगडांवर आपटत होता आणि त्याचा आवाज घळभर घुमून पुन्हा वर येत होता. हवालदार दगडाला पोट लावून, जीव मुठीत धरून खेकड्यासारखे आडवे आडवे सरकत होते.

"खाली बघू नका हो," मधवाली ओरडली. "खाली बघण्यासारखं काही नाही तिथं!"

"न बघताच दिसतंय, बाई!"

साहेब हसले. पण हसू लगेच मावळलं. पलीकडच्या कड्यावरून शीळ आली होती. बारीक, लांबवर खेचलेली. ती विरते न विरते तोच खालून दुसऱ्या शिळेने जबाब दिला.

तिघंही जागच्या जागी थिजले.

"राखणदार आहेत," मधवाली हलकेच म्हणाली. "आपण दिसलो त्यांना. खालच्या वाटेने वळसा घालून वर येतील."

"साहेब, मागे फिरू या," हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "उद्या मोठी कुमक घेऊन येऊ."

"उद्या इथे रिकामी गुहा असेल, हवालदार."

त्या आवाजात जे होतं, ते हवालदारांना ठाऊक होतं. मागच्या वेळी साहेबांनी असाच एक साठा पकडला होता. जागा अडचणीची, म्हणून नमुन्याच्या बाटल्यांवर लाखेचा शिक्का कचेरीत येऊन मारला. कोर्टात तेवढाच धागा पकडला गेला. शिक्का जागेवर मारलेला नाही, मग वाटेत बाटल्या बदलल्या नाहीत कशावरून? जप्ती रद्द! सगळी दारू मालकाला परत द्यावी लागली, आणि ती पिऊन एका वस्तीतली माणसं आंधळी झाली. साहेब त्या वस्तीत जाऊन आले, ते दोन घास नीट जेवेनासे झाले. तेव्हापासून त्यांचा एकच धोशा होता. शिक्का जागेवर. काहीही होवो, शिक्का जागेवरच!

मधवालीने एका दणकट झाडाच्या बुंध्याला दोरशिडी बांधली आणि खाली सोडली. गुहेचं तोंड बरोबर खाली होतं. "मी इथं शिडी राखते," ती म्हणाली. "लवकर आवरा. ते लोक आले तर मी एकटी दगड किती मारणार?"

आधी साहेब उतरले. मग हवालदार. मध्येच शिडी गर्रकन फिरली आणि हवालदारांना आपण अधांतरी लटकतोय याचा असा काही साक्षात्कार झाला की त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. पाय दगडाला लागले तेव्हा त्यांना तो दगड सख्ख्या भावासारखा वाटला.

गुहा लांबोडकी होती. साहेबांनी आत टॉर्चचा झोत टाकला. निळी प्लॅस्टिकची पिंपंच पिंपं! पार मागच्या भिंतीपर्यंत लावलेली. तोंडाजवळ लोखंडी कप्पी होती, तिच्यावरून खालून माल आणि पाणी ओढून घेत असणार. कप्पीशेजारी दगडांच्या चवडींवर दोन पिंपं वेगळी ठेवलेली, त्यांच्यावर गोणपाटं. वास इतका उग्र की डोळ्यांत पाणी यावं. एक पिंप कुठेतरी गळत होतं आणि जमीन ओली होती.

"निव्वळ स्पिरिट आहे," साहेब रुमालातून बोलले. "यात पाणी घालून दारू म्हणून विकतात. हवालदार, मी आत नमुने काढतो. तुम्ही लाख वितळवायला घ्या."

हवालदार घुटमळले. "साहेब, इथे काडी ओढायची?"

साहेबही क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आत नको. तोंडाशी ओढा, तिथे वारा आहे. वास बाहेर निघून जाईल."

हवालदारांना ते पटलं. का पटू नये? उभ्या आयुष्यात त्यांनी हेच काम केलं होतं. जिथे माल, तिथे मेणबत्ती, तिथे लाख, तिथे शिक्का. हात आपोआप चालायचे. आणि तोंडाशी वारा होताही, मोकळा, गार वारा. फक्त एवढंच की स्पिरिटची वाफ जड असते. ती वाऱ्यावर उडत नाही, जमिनीला धरून सरपटत जाते. हे दोघांनाही शिकवलेलं होतं, आणि शिक्क्याच्या घाईत दोघंही ते साफ विसरले.

हवालदारांनी लाखेची कांडी काढली, उकिडवे बसले आणि काडी ओढली.

आधी काही दिसलंच नाही. भप्प असा आवाज झाला, पायाला ऊब लागली, आणि जमिनीवरची हवा थरथरत आत पळाली. मग अंधारात ती दिसली. निळी आग! गुडघाभर, बिनधुराची, गुहेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि तिच्या पलीकडे, हातात बाटली धरून साहेब.

"साहेब!" हवालदार किंचाळले. आणि मग साहेब वगैरे सगळं विसरून, "अहो जावईबापू! पळा! पळा हो!"

"वाट नाही!" पलीकडून आवाज आला. आवाज फाटला होता.

शिडी हाताच्या अंतरावर होती. वर मोकळं आकाश होतं. खोटं कशाला सांगू, हवालदारांची नजर एकदा शिडीकडे गेली. मग डोळ्यांपुढे दारात उभी राहिलेली बहीण आली आणि ती नजर मागे वळली.

पाणी! स्पिरिटच्या आगीवर पाणी चालतं. पाणी मिसळलं की स्पिरिट पातळ होतं आणि आग मरते. इथे पाणी असणारच, ते घातल्याशिवाय का दारू होते? कप्पीशेजारची दोन पिंपं! पण दोन्ही निळी, दोन्ही उघड्या तोंडाची. एकात पाणी असेल, तर दुसऱ्यात? चुकीचं पिंप लवंडलं तर ते आपल्याच हाताने माणसाला जाळणं होईल. वासाने काही कळायची सोय नव्हती. सगळी गुहाच त्या वासाने भरली होती.

त्यांनी गोणपाट उडवलं आणि पहिल्या पिंपात उजवा हात घातला. बाहेर काढून तळव्यावर फुंकर मारली. बर्फासारखं गार! चोळायच्या आत तळवा सुकायला लागला. स्पिरिट!

गोणपाट परत झाकायला ते वाकले आणि जमिनीवरच्या आगीची एक जीभ उडून हाताला लागली. हात पेटला. निळा, जवळजवळ न दिसणारा जाळ, आणि अशी वेदना की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दात आवळून त्यांनी डावा हात दुसऱ्या पिंपात घातला, काढला, फुंकला. ओला. अजून ओला. ओलाच!

पाणी!

पेटलेला हात त्यांनी कोपरापर्यंत त्यात खुपसला. मग पाठ पिंपाला लावली, पाय भिंतीला रोवले आणि बहिणीचं नाव घेऊन जोर केला. पिंप हललं. पुन्हा एकदा! चवडीवरून ते घरंगळलं आणि पाण्याचा लोट आत घुसला. आगीच्या मधोमध काळा पट्टा पडला, पुरुषभर रुंद.

"या! आत्ता या!"

साहेब धावत आले. पेटी खांद्यालाच! बाही पेटलेली होती. हवालदारांनी दोन्ही हातांनी ती चोळून विझवली आणि डाव्या तळव्याचीही सालं निघाली.

"चला, चढा," साहेबांनी त्यांना शिडीकडे ढकललं.

हवालदारांनी दोर धरला. म्हणजे धरायला गेले. बोटं मिटेचनात. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "माझे हात गेले. तुम्ही जा, ती वाट बघतेय."

साहेबांनी एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. पेटीत भरलेले नमुने होते. एवढे वर नेऊन शिक्का मारला असता तरी खटला उभा राहिला असता. मग त्यांनी खांद्यावरून पेटी उतरवली आणि तिचा चामडी पट्टा उपसून काढला.

"पेटी, साहेब! पेटी घ्या आधी!"

"खड्ड्यात गेली पेटी! दादा, कोपरं अडकवा शिडीत. कोपरं!"

पट्टा दोघांच्या कमरेभोवती आवळला गेला. हवालदार कोपरं अडकवत वर, साहेब खालून त्यांना खांद्यावर पेलत वर. वरून मधवाली शिव्या देत शिडी ओढत होती, आणि त्या शिव्या ऐकताना हवालदारांना फार धीर येत होता. एक पायरी. आणखी एक. खाली प्लॅस्टिक तडतडायला लागलं. मधवालीने दोघांनाही काठावर खेचलं, आणि तेवढ्यात गुहा फुटली!

धडाम्! कडा हादरला. पाखरं ओरडत उडाली, गुहेच्या तोंडातून जाळाचा लोळ बाहेर पडला. खालच्या वाटेने वर येणारे ते दोन राखणदार आल्या पावली पळत सुटले. कितीतरी वेळ एकामागून एक पिंप फुटत राहिलं, आणि हे तिघं जमिनीवर पालथे पडून ऐकत राहिले.

मधवालीने आपल्या डब्यातला मध हवालदारांच्या तळव्यांवर थापला आणि वर स्वच्छ फडकं गुंडाळलं.

"काडी मी ओढली," शेवटी हवालदार म्हणाले. "तसंच लिहा. मला चालेल."

"लिहीन. आणि ओढायला मी सांगितलं, तेही लिहीन," साहेब म्हणाले. "जप्त माल काही नाही. नमुने नाहीत. खटला नाही. मालक मिशीला पीळ देत फिरेल."

"फिरू द्या," मधवाली म्हणाली. "ती दारू आता कुणाच्या घशाखाली उतरते का? नाही ना? मग उठा. मला घरी कामं आहेत."

साहेबांनी मान हलवली. खूप दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली होती.

घळ संपली आणि माळ लागला तसा हवालदारांचा फोन वाजला. बहीणच होती. हवालदारांचे हात बांधलेले, म्हणून साहेबांनी फोन त्यांच्या कानाशी धरला.

"दादा, कसा आहेस? हे कुठे आहेत? दादा, बोल ना!"

हवालदारांनी तोंड उघडलं. आता, सगळं संपल्यावर, त्यांच्या अंगाला असं काही कापरं भरलं की शब्दच फुटेना. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. पलीकडे तिचा आवाज चढत गेला, रडवेला झाला.

साहेबांनी फोन आपल्या कानाला लावला आणि दुसरा हात हवालदारांच्या खांद्यावर टाकला.

"आहोत गं," ते म्हणाले. "दोघंही आहोत."