जानेवारीचं बिल

"हिवाळ्यात गॅसचं बिल म्हणाल, तर अगदी किरकोळ," थाकबाई म्हणाल्या, आणि बाल्कनीतल्या कपाटातून कुणीतरी खोकलं.

खोकला खोटा होता. हेरिनला ते लगेच कळलं. सात वर्षं ती सोलमधल्या एका दुकानात लोकांना श्रवणयंत्रं बसवून देत होती. आवाजातली लबाडी तिच्या कानाला टोचायचीच.

"मिस्त्री, तुम्ही तुमचं काम करा," थाकबाई म्हणाल्या. घरांच्या दलालीत त्यांचे केस पिकले होते.

"करतोय की." कपाटाचं दार ढकलून एक चेहरा बाहेर आला. गालावर काजळी, दातांत छोटी बॅटरी. ती काढून तो म्हणाला, "पण बॉयलर वेगळंच सांगतोय, बाई. किरकोळ नाही म्हणतोय."

हेरिनला हसू आवरलं नाही. आणि तो तिच्या हसण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला... इतका, की हातातला पाना त्याच्याच पायावर पडला.

त्याचं नाव मा इन्हो. या जॉन्जू शहरातल्या घराघरांच्या फरशीखाली गरम पाणी फिरवणारे बॉयलर तो दुरुस्त करायचा. कोणत्या घरात थंडीत किती गॅस जळतो, हे त्याला घरमालकांपेक्षा जास्त ठाऊक.

खाली उतरल्यावर भुरभुर सुरू झाली होती. तो गाडीत हत्यारं भरत होता. वर न बघता त्याने विचारलं, "पगार किती मिळणार?"

"अनोळखी बाईला पगार विचारता?"

"वय विचारलं असतं तर चाललं असतं?"

तिने पगार सांगून टाकला. इथल्या कानांच्या दवाखान्यात तिला नोकरी चालून आली होती. महिन्याला हातात एकवीस लाख वॉन पडणार, सोलपेक्षा पाच लाखांनी कमी. पण सोलमध्ये नुसत्या खोलीचं भाडंच आठ लाख, आणि खिडकी उघडली की समोर भिंत. इथे साडेतीन लाखांत खिडकीतून डोंगर दिसत होता. शिवाय समुद्रकाठच्या सोक्चोला बाबांना महिन्याला चार लाख पाठवायचे असत, तेही तिने सांगितलं. गुडघ्यांनी त्यांची मासेमारीची होडी सोडवली होती, आणि शस्त्रक्रियेसाठी ती थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होती. जो तो म्हणायचा, छोट्या शहरात स्वस्ताई असते. हेरिन विचारायची, असते म्हणजे किती? ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून तिने ठरवलं होतं, तीन शनिवार यायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मग काय ते सांगायचं.

"पुढच्या शनिवारी बाजारात या," इन्हो म्हणाला. "खोली बघून शहर कळत नाही. मुळ्याचा भाव बघून कळतं."

*

पुढच्या शनिवारी त्याने तिला नदीकाठचा सगळा बाजार फिरवला. अंड्यांचा ट्रे कुठे हजाराने स्वस्त, कुठली मासेवाली काटा मारते, संध्याकाळी सातनंतर कुठे टोफू अर्ध्या किमतीत मिळतं... त्याला सगळं पाठ होतं. मुळ्याच्या ढिगाशी दोघांचे हात एकाच मुळ्यावर पडले. त्याने हात काढला नाही. तिनेही नाही. शेवटी भाजीवाली म्हणाली, "बाळांनो, मुळा घ्यायचाय की धरून ठेवायचाय?"

हेरिनचे कान तापले. थंडी पुष्कळ होती तरी.

दुपारी त्याने तिला एका चार मजली इमारतीत नेलं. तिथले बॉयलर तोच बघायचा. तिसऱ्या मजल्यावरची खोली तिला बघताक्षणी आवडली. ती खिडकीत उभी असताना जिन्यावरून आवाज आला –

"इन्हो ओप्पा..."

हा 'ओप्पा' साध्या दादाचा नव्हता. त्याला तीन हेलकावे होते, शेवटचा सगळ्यात लांब. दारात एक मुलगी आली – पंचविशीची, आखूड केस, गालाला खळी. दाबिन. इंचॉनहून आली होती, इथल्या तलावावर पोहायला शिकवणार होती. तिला याच इमारतीतली चौथ्या मजल्यावरची खोली बघायची होती. खालची आणि वरची, दोन्ही अगदी सारख्या.

"अगं, तू वर जा, मी किल्ली घेऊन येतो," इन्हो तिला म्हणाला.

अगं. तू.

हेरिन खिडकीबाहेर बघत राहिली. डोंगर एकदम साधाच वाटू लागला. दोन शनिवार ती त्याला भेटत होती, तरी तिला 'तुम्ही', आणि तीही अजून त्याला 'मिस्त्री' म्हणत होती. आणि ही कालची पोर...

"तुमची जुनी ओळख दिसते," ती म्हणाली.

"मंगळवारची."

"मंगळवारची? मग बरीच जुनी."

तो हसला. वरून त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. हेरिनने ऐकायचं नाही असं ठरवलं आणि एकूण एक शब्द ऐकला. काचेचं दार, ओल, पाण्याचा दाब – एकही शब्द लाडाचा नव्हता. तरी दाबिन मध्येच खळखळून हसली, तेव्हा हेरिनने नळ सोडला. उगीचच, जोरात.

संध्याकाळी बसस्थानकावर इन्होने तिच्या हातात एक कागद दिला. बॉयलरच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिरप्या अक्षरात त्या खोलीत राहायचा महिन्याचा सगळा खर्च लिहिला होता. भाडं, देखभाल, भाजी, बस. आणि खाली, अधोरेखित करून – जानेवारीत गॅस : ऐंशी हजार.

"काल रात्री बसून लिहिलं," तो म्हणाला. "तुमच्यासाठी."

बसमध्ये तिने बेरीज केली. भर थंडीच्या महिन्यातही सत्तर हजार शिल्लक राहत होते. तिने बेरीज पुन्हा केली. मग कागदावरचं ते तिरपं अक्षर बोटाने गिरवत बसली, आणि सोल कधी आलं ते तिला कळलं नाही.

*

तिसऱ्या शनिवारी ती करारावर सही करायला थाकबाईंकडे आली. थाकबाई कागद आणायला आत गेल्या होत्या. बाकावर दाबिन बसली होती, मांडीवर एक कागद उलगडून.

बॉयलरची पावती. मागची बाजू. तिरपं अक्षर.

हेरिन तिच्या शेजारी बसली.

"तुम्हालाही यादी दिली का हो, ताई?" दाबिन मोकळेपणाने म्हणाली. "ओप्पा किती चांगला आहे ना?"

"फारच," हेरिन म्हणाली. तुमच्यासाठी म्हणे. रात्री बसून म्हणे. किती जणींसाठी हा माणूस रात्री बसतो? "बघू... जरा?"

तिने कागद घेतला. आधी अक्षर न्याहाळलं – हिच्यासाठी जास्त सुबक काढलंय का? मग आकडे बघितले, आणि थांबली. भाडं तेच. भाजी तीच. पण खाली – जानेवारीत गॅस : एक लाख साठ हजार. शिवाय आणखी एक ओळ : रविवारी बस जवळजवळ नाहीच, टॅक्सीचे पन्नास हजार धरा.

तिच्या कागदावर टॅक्सीची ओळच नव्हती.

"मला म्हणाला, जानेवारीत रडशील बघ," दाबिन सांगत होती. "तुला नाही परवडणार, सोड. म्हणून मी दोन मुलींबरोबर वाटून घर घेतेय. बाईंना तेच सांगायला आलेय."

खोल्या सारख्या, इमारत एकच. हेरिनने मनात बेरीज केली. सत्तर हजारांची शिल्लक गेली, वर साठ हजारांचा खड्डा. पण खरं सांगायचं, तर तिला खड्डा दिसतच नव्हता. तिला एवढंच दिसत होतं, की त्याने हिला खरं सांगितलं. हिची काळजी केली. आणि मला...

थाकबाई करार घेऊन आल्या. "सही इथे."

"तासाभरात येते," हेरिन म्हणाली आणि निघाली.

*

इन्हो नदीपलीकडच्या एका अंगणात सापडला. वर्षभराची किमची घालायचे दिवस; आठ-दहा बायका हातमोजे घालून खारवलेल्या कोबीला लाल मसाला चोळत होत्या. बॉयलर बघायला आलेल्या इन्होला त्यांनी कोबी वाहायला जुंपलं होतं. हेरिनला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा बघून तसाच विझला.

तिने आपला कागद त्याच्यासमोर धरला. "जानेवारीत किती?"

त्याने हातातला कोबी उगीच दुसऱ्या हातात घेतला.

"दाबिनच्या खोलीत एक लाख साठ हजार, आणि माझ्या खोलीत ऐंशी हजार. का? माझ्या मजल्यावर थंडी पडत नाही?"

"हेरिन, इथे नको..."

"इथेच. तिला खरं सांगितलंस. तिला खड्ड्यातून वाचवलंस. आणि मला हात धरून खड्ड्याशी नेलंस. ती एवढी जवळची, आणि मी कोण? मंगळवारी भेटली ती. मी तिच्याआधी भेटले होते तुला."

मसाला चोळणारे हात थांबले होते. तिचं 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते तिला कळलं नव्हतं. बायकांना मात्र बरोबर कळलं. एक म्हातारी शेजारणीला हळूच म्हणाली, "बिलाचं भांडण नव्हे गं हे."

इन्होने हातातला कोबी टोपलीत ठेवला. "ती राहिली काय अन् गेली काय, मला फरक पडत नव्हता," तो म्हणाला. "म्हणून तिला खरं सांगता आलं."

त्याने ओले हात पुसले.

"तुझ्यासाठी आधी खरंच लिहिलं होतं. बेरीज केली... जमत नव्हतं. मग दुसरा कागद घेतला. बारा वर्षांत मी कुणाला खोटा आकडा सांगितला नाही, हेरिन."

हेरिनच्या आतून काहीतरी ऊनऊन वर चढत होतं. पण त्याच्यासोबत बाबांचे गुडघेही होते.

"त्या ऐंशी हजारांत माझ्या बाबांची औषधं येतात," ती म्हणाली. "मी सही केली असती, तर जानेवारीत मी त्यांना काय सांगणार होते? की एका माणसाला मी आवडत होते म्हणून?"

तो मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं माझं. त्याचा विचारच केला नाही मी. खरंच चुकलं."

त्याने सारवासारव केली नाही, हे तिने टिपलं. तरी ती दुपारच्या बसने निघून गेली. सही न करता.

*

आठवडाभर तिने त्याला एक अक्षर पाठवलं नाही. नोकरीबद्दल दवाखान्याकडून चार दिवस मागून घेतले. श्रवणयंत्रासाठी कानाचे साचे घेताना, गिऱ्हाइकांना घंटी ऐकवताना ती स्वतःशी भांडत होती. खोट्या आकड्याचा राग दोन दिवसांत ओसरला. त्या बाकावरचं अर्धं मिनिट मात्र जाईना – दाबिन त्याला जास्त जवळची आहे, असं वाटलं ते अर्धं मिनिट. एवढं तर बाबांची होडी विकली तेव्हाही तिच्या आत तुटलं नव्हतं.

शनिवारी ती कुणालाही न कळवता जॉन्जूला गेली. या वेळी ना थाकबाईंना विचारलं, ना कुणाची यादी पाहिली. दारं वाजवली, राहणाऱ्या बायकांना गेल्या जानेवारीची बिलं दाखवायला सांगितली. चौघींनी दार लावून घेतलं, तिघींनी दाखवली. दुपारी तिला एका लाँड्रीच्या वरची खोली मिळाली. लहान, उत्तरेकडची, डोंगर-बिंगर काही नाही; पण दिवसभर खाली इस्त्र्या चालत, त्यामुळे फरशी आपोआप कोमट. बसथांबा दारातच.

मग तिने बॉयलर तपासायला मिस्त्री बोलावला.

इन्हो आला. तिला बघून उंबऱ्यात थबकला, आणि मग बॉयलरपाशी जाऊन बसला. वीस मिनिटं ठोकठोक चालली. ती भिंतीला टेकून त्याची पाठ बघत राहिली.

"जानेवारीत?" तिने विचारलं.

"नव्वद हजार," तो वळून म्हणाला. "कडाका पडला तर लाख. कमी नाही."

"मग मला महिन्याला वीस हजार उरतात." ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. "वीस हजारांत या शहरात काय येतं?"

तो विचारात पडला. अगदी मनापासून, हिशेबी चेहऱ्याने. "मोड आलेल्या सोयाबीनचं सूप आणि भात. दोघांचं. चार हजार परत मिळतात."

"दोघांचं कशाला?"

"एकटीला... परवडेल. पण करमणार नाही."

तिने हसू दाबलं. खालून वाफेचा फुसकारा आला. "एक सांगते. पुन्हा सांगणार नाही," ती म्हणाली. "तिला तू खरं सांगितलंस ना, ते बघून मी जळले. अशी जळले, की आकडे दिसेनात. मी अशी नाहीये. मला जळायला येतच नाही, असं वाटायचं मला."

इन्होने काजळीच्या हाताने गाल पुसला, गाल आणखी काळा झाला.

"आता बोल काहीतरी," ती म्हणाली.

"मी आठवडाभर सोलच्या बसचे आकडे पाठ केलेत," तो हळूच म्हणाला. "एकवीस हजार जायला, एकवीस यायला. महिन्यातून चारदा. माझ्या पगारात बसतं का, ते बघत होतो..."

"बसलं?"

"नाही बसत," तो म्हणाला. "पण मी येणारच होतो."

हेरिनने पिशवीतून या खोलीच्या मालकाने दिलेला करार काढला, फरशीवर पसरला, आणि त्याच्याकडे हात केला. त्याने खिशातलं पेन दिलं. तिने सही केली. पेन परत घ्यायला त्याने हात पुढे केला, आणि तिने पेनाऐवजी आपला हात त्याच्या हातात ठेवला... काजळीसकट.