झिल्याची जोडी

या, थोडं पुढे सरकून बसा. एका दमलेल्या बाईची आणि मांडीएवढ्या कुत्र्याची हकिकत सांगायची आहे. ती मोठ्यानं सांगवत नाही.

मथुताई आठल्ये श्वानगृहात गेल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एक मऊ झालेला टॉवेल होता. कुत्रं त्यात गुंडाळून आणायचं, एवढीच तयारी. वय त्र्याहत्तर. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला नऊ वर्षं कुशीवर वळवता वळवता पाठ वाकली होती. ते गेल्यावर घर असं गप्प झालं, की राममंदिरातलं कीर्तन आटोपून परतताना पाय उचलेना. म्हणून कुत्रं. लहानसं, कुणी दाराशी वाट बघणारं असावं म्हणून.

त्या काळी कुत्रं नुसतं आवडलं म्हणून मिळत नसे. आधी बोटातून रक्ताचा थेंब द्यायचा. मग आठवड्यानं 'आयुर्जोड' कळे. म्हणजे मालकाचं उरलेलं आयुष्य आणि कुत्र्याचं उरलेलं आयुष्य जुळवून दिलेली जोडी. मागे कुणी एकटं उरू नये, एवढाच हेतू. मथुताईंनी आपला थेंब आठवड्यापूर्वीच दिला होता. कायदा दयेपोटीच झाला होता. म्हातारी माणसं जात आणि त्यांची कुत्री बंद दारासमोर उपाशी बसून राहत, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

डॉक्टर ऋता सोमणनं दोन पिंजरे पुढे ओढले. "आजी, हा पांढरा शुद्ध जातीचा. चवरी म्हणतात या जातीला, शेपूट बघा ना. आणि हा काळा मिश्र."

"फरक काय? चार-चारच पाय दिसतात मला."

ऋता हसली. "शुद्ध जात म्हणजे चाळीस पिढ्या घरातल्या घरात सोयरीक. सगळ्यांचं रक्त सारखं. एकाचं वाचलं की सगळ्यांचं कळतं. किती जगणार, कशानं जाणार, महिन्याभराच्या फरकानं सांगता येतं. याला आम्ही आयुर्लेख म्हणतो. काळ्याच्या रक्तात आठ जातींची सरमिसळ. त्याचा लेख धूसर. सहा वर्षं जगेल, नाहीतर चौदा. त्याची जोड लावताच येत नाही, म्हणून तो मागेल त्याला देतो."

"आणि हा पांढरा?"

"पुढच्या वर्षीचा नाही, त्याच्या पुढचा मार्गशीर्ष. झोपेत जाईल. आजारपण नाही, उस्तवार नाही."

मथुताईंना हे बरं वाटलं. उस्तवार त्यांनी या जन्मापुरती केली होती. त्या टॉवेल काढू लागल्या, आणि मध्येच थांबल्या.

"आमच्या शेजारच्या कुंदाला तुम्ही शुद्ध जातीची सात कुत्री दाखवलीत. मला एकच कसं?"

ऋतानं टेबलावरचं पेन उचलून पुन्हा होतं तिथंच ठेवलं.

"आणि माणूस तर सगळाच मिश्र," मथुताई म्हणाल्या. "मग आमचा लेख कसा वाचता?"

"लांबून नाही वाचता येत. कुंदाताईंचा धूसरच आहे, म्हणून त्यांना सात जोड्या चालल्या. दूरची पाटी दिसत नाही ना, तसं. जवळ आली की अक्षरं..." तिनं जीभ चावली. माणसाला त्याचा लेख सांगायला कायद्यानं बंदी होती. "आजी, मी काही बोलले नाही."

"नाही बोललात. पण माझे कान शाबूत आहेत."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. मथुताईंनी अर्धा काढलेला टॉवेल पिशवीत परत सारला.

"काळा न्या," ऋता हळूच म्हणाली. "सगळे तेच करतात. काळा नेला की आपल्याला काही कळलंच नाही, असं मानता येतं. या पांढऱ्याला आजवर चार जणांना दाखवलं. चौघांनी मिश्र नेलं."

काळा पिंजऱ्याच्या जाळीवर उड्या मारत होता. कुणीही भुलावं असा. पांढरा उठलाही नाही. पंजांवर हनुवटी ठेवून तो दाराकडे बघत होता, जसं मथुताईंचे यजमान शेवटची दोन वर्षं बघत.

मथुताई कीर्तनात घड्याळाकडे कधी बघत नसत. बुवा आख्यान कधी आवरतील हे कळलं तर मन चपलांकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. काळा नेला असता तर तसंच बसता आलं असतं. पण पांढऱ्याला पुन्हा आत नेणार, हे त्यांना दिसत होतं.

"द्या इकडे. चार वेळा परत गेलाय बिचारा. आणि त्या काळ्यामागं धावायला मला गुडघे कुठे आहेत?"

त्यांनी त्याचं नाव झिल्या ठेवलं. बुवांच्या मागे उभा राहून झील धरतो, म्हणजे ध्रुपद उचलून धरतो, तो झिल्या. कुत्रं मात्र कधी भुंकत नसे.

मथुताईंनी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. चवरीचं आयुष्य आळीतल्या पोराटोरांनाही पाठ होतं. झिल्या दारात आला आणि आळी मथुताईंकडे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी बघू लागली. कुंदा त्यांच्याशी भांडेनाशी झाली. कीर्तनात त्यांना खांबाला टेकून बसायची जागा मिळू लागली.

पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. चैत्रातल्या उत्सवाचे नऊ दिवस, सत्तावीस घरं. एका घरावर हाराची पाळी दर तिसऱ्या वर्षी येते. श्रावणात उत्सवाची व्यवस्था बघणारे तात्या मोडक सभामंडपात पुढच्या तीन वर्षांची नवी यादी वाचत होते. आठल्यांचं नाव आलंच नाही.

"तात्या, माझा सहावा दिवस?"

"तुम्हाला कशाला दगदग, मथुताई? तो चैत्र अजून लांब आहे."

"लांब आहे म्हणून नाही वगळलंत. मार्गशीर्षानंतर येतो म्हणून वगळलंत."

तात्यांनी मथुताईंच्या पायाशी बसलेल्या झिल्याकडे पाहिलं. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून नाव लिहिलं.

"शाईनं लिहा," मथुताई म्हणाल्या.

तात्यांनी शाईनं लिहिलं.

तुम्ही त्या गावात त्या चैत्रात गेलात, तर सहाव्या दिवशी कीर्तनाला बसा. पूर्वरंग संपेल, बुवा टाळ खाली ठेवतील. खांबापाशी कुणी असेल, कदाचित नसेल. हार कुणाच्याही हातून आला तरी पाळी मथुरा दामोदर आठल्ये यांची आहे, एवढं मनात असू द्या. आणि त्यांच्या पायाशी बसणाऱ्या त्या न भुंकणाऱ्या झिल्याचीही आठवण ठेवा.