पाच नंबरच्या भिंतीतलं पाणी

दुपारी तो प्लंबरभैया भिंतीला यंत्र लावून, कानात नळ्या खुपसून बसला होता, तेव्हा तुम्ही फिदीफिदी हसत होते. म्हणे, भिंतीचा डॉक्टर आला! हसा. पण भिंतीतलं पाणी असंच शोधावं लागतं. ओल दिसते एकीकडे, पाणी गळतं भलतीकडेच. आणि एकदा कान लावून बसलं की पाण्याशिवाय दुसरंही ऐकू येऊ शकतं... तो फोन ठेव खाली. ठेवला? अच्छा. आता ऐका, मध्ये मध्ये तोंड घालू नका.

माणूस खरा आहे. अंबादास नाव, मूळचा वर्ध्याकडचा, इथं जबलपूरला तोफांच्या फॅक्टरीत फिटर. साल एकाहत्तर, आठ डिसेंबर, बुधवार. लढाई लागून पाच दिवस झाले होते. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, खिडक्यांच्या काचांना काळे कागद, आणि फॅक्टरीचा तो मोठा यंत्राचा हातोडा दिवसरात्र धाड धाड चालू. क्वार्टरमध्ये मांडणीवरची भांडीसुद्धा थरथरायची. लोकांना त्याची इतकी सवय झालेली, की तो आवाज कानात जायचाच नाही.

अंबादास त्या संध्याकाळी सहाला सुटला तो सरळ घरी आला नाही. घमापूरच्या लोहाराकडे गेला आणि चार हात लांब लोखंडी सळई घेऊन आला. कारण घरात पोरगी खोकून खोकून निळी पडत होती.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली पोर. विभावरी. तीन महिन्यांची. तिच्या पाळण्यामागची भिंत दिवाळीपासून ओली. चुना सोलून पडायचा, पोपडे यायचे, रात्री हात लावला तर बर्फ. डॉक्टरनं साफ सांगितलं, "ह्या ओलीतून लेकराला बाहेर काढा, नाहीतर भिंत कोरडी करा. छाती भरली आहे. फार दिवस नाही काढायची." काढायचं कुठं? लढाईच्या भरतीत माणसं व्हरांड्यात झोपत होती, दुसरं क्वार्टर कोण देतो! अंबादासनं तीन जागी भिंत फोडली होती. तिन्ही जागी पाइप कोरडा ठणठणीत.

"आता हे काय आणलं?" हेमलता म्हणाली. त्याची बायको.

"सळई. एक टोक पाइपावर, दुसरं कानामागच्या हाडावर. पाणी जिथून सुटते तिथं सुं सुं ऐकू येते."

"त्या हातोड्यात काय ऐकू येते तुम्हाले, डोंबलं?"

खरंच होतं तिचं. सळई टेकवली की नुसतं धाड धाड. रडकुंडीला आला बिचारा. सात वाजता नळ आले, साडेआठला जाणार. तेवढ्यातच काय ते ऐकायचं.

आता त्या चाळीची एक रीत सांगतो, ती ध्यानात ठेवा. सहा क्वार्टर एका रांगेत, सगळ्यांना मिळून एकच पाइप. अंबादास सहाव्यात, अगदी टोकाला. पुढच्यांनी नळ बंद केल्याशिवाय मागच्याला थेंब नाही. म्हणून ज्याचं भरून झालं तो नळाजवळच्या उघड्या पाइपावर तीन ठोके द्यायचा. म्हणजे, आमचं झालं, तुम्ही घ्या. मागचा दोन ठोके द्यायचा. म्हणजे, मिळालं. ओरडायला नको, उठून जायला नको. पाइपातून आवाज खणखणीत जातो.

पाच नंबरमध्ये बेबीताई राहायची. विधवा बाई, तिचा मुलगा श्रीरंग फॅक्टरीतच. सुपारीची भारी शौकीन, ठोकेसुद्धा अडकित्त्यानं द्यायची. जीव लावायची हेमलताला. आपले दोन हंडे कमी भरायची आणि म्हणायची, "तू घे बाप्पा, तुह्या मागं कोणी नाही, पण पुढं पाच घरं आहेत."

तर पासष्टची लढाई. सप्टेंबर, पितृपक्ष. श्रीरंग डबल ड्यूटीवर, बेबीताई घरात एकटी. पावणेआठला सायरन झाला, दिवे गेले. पाच नंबरमधून तीन ठोके आले. हेमलतानं नळ सोडला. धो धो पाणी. थोड्या वेळानं परत तीन. मग परत तीन.

"काहून आज इतकं ठोकून राहिली ही?" अंबादास म्हणाला. "कळलं ना बाई, कळलं!" आणि त्यानं पाना उचलून दोन ठोके दिले. मिळालं.

पुन्हा तीन आले. त्यानं पुन्हा दोन दिले, चांगले जोरात, वैतागून.

मग ठोके थांबले.

सकाळी श्रीरंग आला तेव्हा बेबीताई न्हाणीत पडलेली. खुब्याचं हाड मोडलेलं. हात पाइपापाशी, मुठीत अडकित्ता. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्र उलटेपर्यंत जिवंत असावी... उत्तर मिळालं होतं ना तिला. कोणी येईल म्हणून वाट बघत राहिली बाई.

ते दोन ठोके कोणी दिले, हे फक्त नवराबायकोला माहीत. श्रीरंग बदली करून गेला. पाच नंबरच्या क्वार्टरात कोणी टिकेना, मग ऑफिसनं मोडक्या खुर्च्या टाकून कुलूप लावलं. पाइपावर ठोकायचं चाळीनं सोडून दिलं. आणि अंबादासनं सहा वर्षांत त्या दाराकडे मान वर करून पाहिलं नाही. आता समजलं, त्यानं तीनदा आपलीच भिंत काहून फोडली ते? त्या भिंतीच्या मागं पाच नंबरची न्हाणी होती. फिटर माणूस, पाणी तिकडून येत असेल हे त्याला कळत नव्हतं का! कळत होतं. जायची हिंमत नव्हती.

तर त्या बुधवारी. पावणेआठ वाजले.

सायरन झाला. दिवे गेले. आणि कोण जाणे कसं, फॅक्टरीचा हातोडाही थांबला.

अशी शांतता त्या चाळीनं कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. पोरीच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती.

अंबादास चाचपडत न्हाणीत गेला. सळई पाइपाला लावली. दुसरं टोक कानामागं. डोळे मिटले.

सुं... सुं... सुं...

सापडलं! पाणीच होतं. बारीक, पण पाणी. सळई डावीकडे सरकवली. आवाज वाढला. आणखी डावीकडे. आणखी वाढला. पाच नंबरकडे.

मग...

टक. टक. टक.

त्यानं सळई काढली. काही नाही. परत लावली.

टक. टक. टक.

"हेमलता... तू ठोकून राहिली का?"

"मी पोरीले घेऊन बसली आहे." आतून आवाज आला. मग ती चाचपडत त्याच्याजवळ आली. तिनं पाइपाला हात लावला. तिलाही कळलं.

टक. टक. टक.

आणि त्याचा हात... पाना घेऊन वर गेला. सवयीनं, दुसरं काही नाही. दोन ठोके द्यायला.

हेमलतानं मनगट धरलं.

"नको. उत्तर नका देऊ." ती रडत होती. "अहो, जा. ह्या खेपेला जा."

तो गेला. अनवाणी. हातात सळई, कमरेला हातोडी-छिन्नी. चंद्र उगवायचा होता, अंधार डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा. पाच नंबरचं कुलूप. एक घाव. दोन घाव. गल्लीतून ब्लॅकआउटवाला ओरडला, "कौन है उधर?" तिसऱ्या घावाला कुलूप पडलं.

आत खुर्च्या. धूळ. कोळिष्टकं तोंडाला लागली.

आणि सुपारीचा वास. ताजी कातरलेली सुपारी.

न्हाणी. फरशी कोरडी. त्यानं भिंतीला सळई लावली. छातीच्या उंचीवर... कमी. कमरेशी... जास्त. तो गुडघ्यावर बसला. आणखी खाली. जमिनीपासून वीतभर. पडलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्यावर.

तिथं पाणी कानात ओरडत होतं.

ठोके थांबले होते.

कोणीतरी वाट बघत होतं.

"बेबीताई," अंबादास म्हणाला. "आलो. लय उशीर झाला... चुकलो मी, बाई. मले वाटलं..."

तिथंच, त्या फरशीवर, तो लहान पोरासारखा रडला.

मग डोळे पुसले आणि छिन्नी लावली. प्लास्टर निघालं, दोन विटा निघाल्या. पाणी हातावर आलं, थंडगार. अंधारात त्यानं बोटांनी पाइप चाचपला. पुढून गुळगुळीत. बोटं मागं वळवली, जिकडं पाइप विटेला चिकटलेला असतो, जिकडं सुईसुद्धा जायची नाही तिकडं.

खड्डे लागले. लहान लहान. तीन. मग जागा. तीन. मग जागा. तीन... पोचतील तिथवर बोटं गेली, सगळे तीन-तीनच. आणि जिथं ठोक्यावर ठोका पडून लोखंड पातळ झालं होतं, तिथं केसाएवढी चीर. पाणी तिथून.

त्यानं कडेची वीट आणखी पोखरली, सायकलच्या ट्यूबची पट्टी चिरेवर गच्च गुंडाळली, वरून तार आवळली. पाणी थांबलं. सळई लावून बघितलं. आत काही नाही. अगदी काही नाही.

तेवढ्यात हातोडा परत सुरू झाला. धाड. धाड.

पोर वाचली. हो, वाचली. संक्रांतीपर्यंत भिंत कोरडी झाली, खोकला गेला. मागच्या महिन्यात राइट टाउनहून स्कूटरवर तिळाच्या वड्या घेऊन आली होती ना जाड चष्म्याची विभावरीमावशी? तीच ती. खाल्ल्या ना वड्या? मग!

पण एक सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, नळकामवाला तुळशीराम आला, पाइपाचा तेवढा तुकडा कापून बदलायला. तार रात्री आवळली होती तशीच होती, पिळाला पीळ. त्यानं ती सोडली, रबर उलगडलं, तुकडा कापून उजेडात धरला. तीन-तीनचे सगळे खड्डे गंजलेले, जुनाट. तुळशीरामनं त्यावरून अंगठा फिरवला आणि रबराखाली झाकलेल्या जागी तो थांबला.

"भैया," तो म्हणाला, "ये सब तो पुराने हैं. पर ये दो..."

अंबादासनं वाकून पाहिलं. सगळ्यांपासून वेगळे, शेजारी-शेजारी, दोन ठोके. चांदीसारखे चकचकीत. गंजाचा ठिपका नाही.

"ये तो आज के हैं."