मरवानाचं कवच

डॉक्टर मुतीर आपल्या खोलीत गालिच्यावर पालथे, निष्प्राण पडले होते. डोकं फुटलेलं आणि गळ्यातली चावी गायब.

त्या चावीवाचून त्यांनीच बनवलेलं, डोंगरावरचं क्षेपणास्त्ररोधक कवच सुरूच होत नव्हतं. सगळ्या कसरान देशाची भिस्त त्या नव्या प्रयोगावर होती. शत्रूने सूर्यास्तानंतर मरवाना शहरावर मारा करण्याची धमकी दिली होती आणि दुपार कलली होती. कवच आहे म्हणून शहरात कुणी तळघरात उतरलं नव्हतं. तपासाला आलेल्या निरीक्षक झुहैरची बायको हुस्ना तिथल्याच इस्पितळात बाळंतपणासाठी दाखल होती.

खोलीत कॉफीचे दोन पेले होते. एक रिकामा, दुसरा काठोकाठ भरलेला, थंडगार, कुणी तोंडही न लावलेला.

पहारेकरी खाली फाटकावर होते. वर फक्त डॉक्टरांची साहाय्यक लुबाबा आणि कवचाच्या ठाण्याचे प्रमुख कर्नल फवाझ. लुबाबाने झुहैरला कॉफी दिली ती जेमतेम पेल्याच्या तळाशी. डॉक्टर वाळवंटातले, पाहुण्याला अशीच, घोटभर द्यायची हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

कर्नल मात्र किनाऱ्यावरचे, चहा पिणारे.

“शेवटचे तुम्हीच भेटलात त्यांना?” झुहैरने विचारलं.

“हो. त्यात दडवायचं काय? स्वतःच्या हाताने पेला काठोकाठ भरून दिला मला. इतका जीव होता त्यांचा. मला कॉफी सोसत नाही, म्हणून तशीच ठेवून निघालो. त्या पोरीला विचारा. सकाळीच जुंपली होती दोघांची.”

लुबाबाने भांडण नाकारलं नाही. “ते म्हणाले, तू घरी जा आणि आईला घेऊन तळघरात बस. मी ठाणं सोडायला तयार नव्हते. मग चिडून म्हणाले, मी रेडिओवरून सगळ्यांनाच सांगतो.”

झुहैर कर्नलसमोर जाऊन उभा राहिला.

“कर्नलसाहेब, चावी काढा.”

“डोकं फिरलंय का तुमचं?”

“माझी आई वाळवंटातली. तिकडे पाहुण्याला घोटभर कॉफी देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. पेला काठोकाठ भरला की अर्थ एकच: ही पी आणि चालता हो. तुम्हाला ते प्रेम वाटलं. डॉक्टरांनी तुम्हाला हाकललं होतं. ज्याने कवच बनवलं तोच लोकांना तळघरात जायला सांगणार होता, कारण कवच चालत नव्हतं. तुम्ही अडवायला गेलात. त्यांनी ऐकलं नाही.”

कर्नलनी बुटातून चावी काढून टेबलावर टाकली.

“चाचण्या फसल्या होत्या. यशस्वी झाल्या असं मीच वर कळवलं. चावीच चोरीला गेली, तर दोष चोरावर जाणार होता. घ्या, लावून बघा. एकही क्षेपणास्त्र अडणार नाही.”

खुनी सापडला होता, चावी सापडली होती आणि मरवाना तसंच उघडं होतं. चावी तिथेच टाकून झुहैर रेडिओकडे धावला.

“मरवाना, ऐका. कवच नाही. सगळ्यांना तळघरात उतरवा. आधी इस्पितळ.”

हा कुणाचा हुकूम, असं पलीकडून दरडावून विचारलं गेलं. खिडकीबाहेर सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकला होता.

“डॉक्टर मुतीरांचा,” झुहैर म्हणाला.